हॉस्टेलचा पत्ता आणि गावचं मत

ऐन सबमिशनच्या धामधुमीत मी गावच्या ग्रामपंचायत निवडणुकीसाठी एसटीत उभ्याने पाच तास गेलो. केंद्रावरच्या मतदान अधिकाऱ्यांनी यादी दोनदा चाळली आणि म्हणाले, "नाव नाही." आमच्या प्रभागात धाकटे काका उभे होते. मोजणीत दोघांना समान मते पडली. नियमाप्रमाणे चिठ्ठी काढली, काका हरले. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयात तावातावाने गेलो. तिथल्या अव्वल कारकुनांनी शांतपणे विचारलं, "पहिल्यांदा फॉर्म ६ कुठे भरलास?" फर्स्ट इयरला, कॉलेजच्या शिबिरात, हॉस्टेलच्या पत्त्यावर! संपला विषय.

लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका या राज्य निवडणूक आयोगाकडे. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर आपल्याकडे तो १९९४ साली स्थापन झाला. गंमत म्हणजे या आयोगाची स्वतःची वेगळी मतदार यादीच नाही. विधानसभेची ठरलेल्या तारखेची यादी घ्यायची आणि प्रभागांप्रमाणे फोडायची. (कॉम्प्युटरवाल्यांसाठी: डेटाबेस एकच, दुसऱ्या युजरला फक्त रीड परमिशन.) प्रारूप यादीवर हरकत घेता येते, पण त्यात चुकीचा प्रभाग, लेखनिकाची चूक किंवा मूळ यादीत असून सुटलेलं नाव एवढंच दुरुस्त होतं. मूळ यादीतच नसलेलं नाव तहसीलदारांनाही घालता येत नाही.

हॉस्टेलवाल्याला घर किंवा हॉस्टेल, कुठलाही एक पत्ता निवडता येतो. हॉस्टेलचा निवडला तर संस्थाप्रमुखांच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं. तो पर्यायही वाईट नाही, आपल्या गेटसमोरचा रस्ता महापालिकेचाच आहे. पण दोन्हीकडे नाव चालत नाही, आणि फॉर्मवर खोटं लिहिलं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नाव हलवायला २०२२ पासून फॉर्म ८ आहे. निवडणूक लागल्यावर धावपळ करून मात्र उपयोग नाही, कारण यादीची तारीख तोवर उलटलेली असते.

मी फॉर्म ८ भरलाय. परवा बीएलओ, म्हणजे आमच्या शाळेतलेच गुरुजी, चौकशीला घरी आले होते. आईने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "पोरगं इथलंच आहे हो, शिकायला तेवढं बाहेर असतं."