लिहिले, पण उमटले काय?

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ साली एच. ई. सी. २एम हा भारतातील पहिला अंकीय संगणक आला. त्याची स्मृती म्हणजे एक फिरते चुंबकीय नळकांडे. कारभार पाहणारी कार्यप्रणाली त्यास नव्हती. नोंद बिघडली तर शोधावयाचे ते माणसानेच. आज हे काम कार्यप्रणाली करते, पण तिच्या शब्दावर किती विसंबावे?

‘लिही’ म्हणताच ती मजकूर प्रथम स्वतःच्या स्मृतीत ठेवते आणि ‘झाले’ म्हणून मोकळी होते. तबकडीवर तो मागाहून उतरतो. पेढीवरच्या कारकुनाने पावती आधी द्यावी अन् रोकड तिजोरीत नंतर ठेवावी, तसाच हा प्रकार! मधल्या वेळात तबकडी निकामी झाली, तर ती चूक ‘एफसिंक’ या आज्ञेने खुलासा मागणाऱ्यालाच कळते. तीही एकदाच. २०१८ साली पोस्टग्रेस या माहितीकोशाच्या कर्त्यांना आढळले, की एकदा चूक कळविल्यावर लिनक्स न उतरलेला मजकूरही उतरला असे धरून चालते. पुन्हा विचारावे, तर उत्तर ‘ठीक’. तेव्हापासून पोस्टग्रेस पहिल्याच चुकीला काम थांबवितो आणि आधी लिहून ठेवलेल्या रोजनाम्यावरून सारा हिशेब पुन्हा मांडतो.