एक वर्ग, चाळीस इंग्रजी

ज्यांची शाळा २००० सालाच्या आधी मराठी माध्यमात झाली, त्यांना इंग्रजी भेटलं ते पाचवीत. जून महिना, नवं कोरं पुस्तक, चार रेघी वही आणि अख्खा वर्ग एकाच दिवशी ए-बी-सी-डी गिरवायला बसलेला. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० मध्ये, राज्यात इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. पण आपल्या डोक्यातला वर्ग अजून जुनाच आहे. सगळी मुलं एका रेघेवर उभी आहेत, शिट्टी वाजली की पळायला लागायचं.

आजच्या पाचवीत शिट्टीच्या आधीच कुणी अर्ध्या वाटेवर असतं आणि कुणी मैदानात पोचलेलंही नसतं. एखादी मुलगी शहरातल्या इंग्रजी शाळेतून गावात परत आलेली असते. कुणाचे आईबाप दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात आणि पोरगाही त्यांच्यासोबत जातो तो उन्हाळ्यातच परततो. नंदुरबारकडच्या शाळेत एखादीच्या घरी पावरी बोलतात, म्हणजे तिला मराठीही शाळेतच शिकायची आहे. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या दर चार मुलांपैकी जेमतेम एकाला सोपी इंग्रजी वाक्यं वाचता आली, आठवीतल्या निम्म्याहून थोड्या कमी मुलांना. म्हणजे मिश्र पातळीचा वर्ग एखाद्या शाळेच्या नशिबी येत नाही, बहुतेक वर्ग तसेच असतात. तरीही शिक्षकखोलीत आणि पालकसभेत काही वाक्यं हटकून ऐकू येतात.

‘हुशार वेगळे, कच्चे वेगळे बसवा, प्रश्न मिटेल’

हे वाक्य सरसकट खोटं नाही, म्हणूनच ते चिवट आहे. एस्थर डुफ्लो, पास्कलिन ड्युपा आणि मायकेल क्रेमर यांनी केनियातल्या १२१ प्राथमिक शाळांमध्ये हेच तपासलं. सुमारे निम्म्या शाळांत पहिलीची मुलं गुणांनुसार दोन तुकड्यांत विभागली, उरलेल्या शाळांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली. गुणांनुसार वाटणी झालेल्या शाळांत वरच्या आणि खालच्या, दोन्ही तुकड्यांचा फायदा झाला. मग आपली अ-ब-क पद्धत बरोबरच होती की!

थांबा. फायद्याचं एक मोठं कारण असं की वाटणीमुळे शिक्षकाला समोरच्या मुलांच्या पातळीवर उतरून शिकवता आलं. आपल्याकडच्या ‘क’ तुकडीत काय होतं, आठवून पाहा. पुस्तक तेच, पोर्शन तोच, सहामाहीचा पेपरही तोच. बदलते ती दारावरची पाटी, आणि ती पाटी मुलाला दहावीपर्यंत चिकटते. ‘प्रथम’ संस्थेची पद्धत यापेक्षा शहाणी आहे. तिथे तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता विसरून, ज्याला जे वाचता येतं त्यानुसार, दिवसातला ठरावीक वेळ एकत्र बसतात. मूल पुढे सरकलं की गट बदलतो. गट तासापुरता असतो, तुकडी वर्षभराची.

इंग्रजीत आणखी एक पेच आहे. इथे ‘पातळी’ नावाची एकच गोष्ट नसते. धडा खणखणीत वाचणाऱ्या मुलाला वाचलेल्यातलं अवाक्षर कळलेलं नसतं. यूट्यूबवर कार्टून बघून भराभर बोलणाऱ्या मुलीला तेच वाक्य लिहिता येत नाही. या दोघांपैकी ‘अ’मध्ये कोण?

‘चार पातळ्या म्हणजे चार पाठटाचणं’

शिक्षक या विषयाला घाबरतात ते इथे, आणि त्यांची भीती रास्त आहे. रोजचे सात-आठ तास, त्यात शालेय पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं. चार पाठटाचणं कोण लिहिणार?

लिहावी लागत नाहीत. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. तो ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून ओळखला जातो आणि भाषाशिक्षणाच्या जगभरच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख येतो. व्याकरण पायरीपायरीनं शिकवण्याऐवजी मुलांसमोर सोडवायला काहीतरी ठेवायचं, एखादा नकाशा किंवा रेल्वेचं वेळापत्रक. कृती किती अवघड असावी, याचा त्यांचा अंदाज व्यवहारी होता. निम्म्या वर्गाला निम्मी कृती जमली, तर ती बरोबर. सगळ्यांना सगळं जमलं तर ती फार सोपी होती.

असा तास कसा दिसेल? फळ्यावर चार गाड्या, त्यांच्या सुटायच्या आणि पोचायच्या वेळा. पहिली गाडी कितीला सुटते, याचं उत्तर एक आकडा आहे, तो कुणीही देईल. सगळ्यात वेगवान गाडी कोणती, याला वजाबाकी लागते. मावशीला दुपारी बाराच्या आत पुण्यात पोचायचं आहे, तिनं कोणती गाडी धरावी आणि का, इथे पूर्ण वाक्य बोलावं लागतं. ज्याचं सगळं संपलं त्यानं स्वतः दोन प्रश्न तयार करून शेजारच्याला घालावेत. फळा एक, खडू एक, पाठटाचणही एकच.

प्रभूंच्या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट त्याच्याही आधीची. बाई तशीच एक कृती आधी सगळ्या वर्गासमोर, मोठ्यानं बोलत सोडवतात. पुढची मुलं पटापट उत्तरं देतात आणि मागच्या बाकावरची ऐकत राहतात. मग दुसरी कृती आपापली. ऐकणाऱ्यांची शिकवणी कुणाला न दुखवता झालेली असते. म्हणून गप्प बसलेलं मूल ‘मठ्ठ’ आहे असं लगेच ठरवू नये. भाषेत समजणं बोलण्याच्या बरंच पुढे धावतं.

‘तासाला मराठी आली की इंग्रजी बिघडतं’

वेल्समध्ये वेल्श आणि इंग्रजी शेजारी शेजारी नांदतात. तिथल्या केन विल्यम्स यांनी १९९४ मध्ये एका वर्गपद्धतीला नाव दिलं: एका भाषेत वाचायचं, दुसरीत मांडायचं. आपल्याकडेही उतारा इंग्रजीत वाचून, जोडीत मराठीत चर्चा करून, उत्तर इंग्रजीत लिहिता येतं. कृती कशी करायची ते मराठीत सांगितलं तर मागं पडलेलं मूल निदान कामाला तरी लागतं. बिघडतं ते प्रत्येक वाक्यामागोमाग त्याचं भाषांतर सांगितल्यानं. मग मुलं इंग्रजी ऐकतच नाहीत, मराठीची वाट बघत बसतात. आणि पावरी बोलणाऱ्या मुलीला मराठीचाही आधार पुरत नाही, तिच्यासाठी चित्र आणि हावभाव हवेत.

कोण ‘बघून’ शिकतं, कोण ‘ऐकून’, अशी मुलांची वाटणी करण्यात मात्र वेळ घालवू नका. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या एका गटानं त्यावरचं संशोधन चाळलं, भक्कम पुरावा सापडला नाही. हुशार मुलाला कायमचा मॉनिटर करणंही तसंच. समजावून सांगताना तोही शिकतो हे खरं, पण अधूनमधून. रोज तेच काम दिलं तर त्याच्या वाट्याचं अवघड कधी येणार?

‘याला इंग्रजीतलं काहीच येत नाही’

ज्याच्याबद्दल हे म्हणतात, तो सुट्टीत मामाच्या गॅरेजवर बसतो. टायर, ट्यूब, पंक्चर, क्लच, हँडल, नटबोल्ट, ब्रेक हे सगळे शब्द त्याला अर्थासकट येतात, फक्त रोमन लिपीत कधी भेटलेले नाहीत. ते फळ्यावर लिहा आणि त्याला ओळखू द्या. मग वर्गाला शेवटचा शब्द लिहायला सांगा. पहिल्या बाकावरची मुलं बहुधा मधल्या सुट्टीच्या ब्रेकचं स्पेलिंग लिहितील. सायकलच्या ब्रेकचं वेगळं असतं.