जहाजावरचे बाटले

२३ सप्टेंबर १९७६. इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठच्या स्वॉन हंटर कंपनीच्या गोदीत ‘एचएमएस ग्लासगो’ ही विनाशिका बांधून पुरी होत आली होती. आदल्या पाळीतल्या एका कामगाराची ऑक्सिजनची नळी खालच्या डेकवरच्या बंदिस्त जागेत तशीच राहिली होती आणि पुरवठा बंद केलेला नव्हता. रात्रभर ऑक्सिजन झिरपत राहिला. सकाळी एका वेल्डरने नेहमीप्रमाणे वेल्डिंगला हात घातला आणि आग अशी भडकली की आठ माणसं त्यात गेली.

पुढे खटला चालला. ऑक्सिजनच्या धोक्यांची माहिती देणारी पुस्तिका कंपनीकडे होती, स्वतःच्या कामगारांना ती वाटलेलीही होती. पण नळी ठेवून गेलेला माणूस पोटकंत्राटदाराचा होता आणि त्या लोकांना पुस्तिका मागितल्याशिवाय मिळत नसे. १९८१ साली अपील न्यायालयाने कंपनीची शिक्षा कायम केली. आपल्या आवारात काम करणारा माणूस दुसऱ्याच्या पगारावर असला, तरी आपल्या माणसांच्या जिवासाठी त्यालाही धोका समजावून सांगणं कंपनीचंच काम आहे, असा त्या निकालाचा अर्थ.

ज्यांच्या घरातलं कुणी बोटीवर आहे, त्यांना सिलिंडर म्हटलं की स्फोट आठवतो. मान तुटलेला बाटला रॉकेटसारखा सुटतो, पत्रा फाडून जातो, हे खरंच आहे आणि त्यासाठी घ्यायची काळजी घेतलीच पाहिजे. पण माझी वर्षं इंजिन रूममध्ये गेली आणि माझं मत असं झालं आहे, की जहाजावर बाटला फुटण्याइतकीच त्याच्या गळण्याची भीती बाळगायला हवी. कारखान्यात गळलेला वायू दारं-खिडक्यांतून निघून जातो. जहाज म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी खोल्या. वायूला जायला वाट नसते आणि माणसाला पळायला फार तर एक शिडी असते.

जरा हिशेब मांडू. ऑक्सिजनच्या नेहमीच्या बाटल्यात साधारण ४० लिटर जागा आणि १५० बार दाब असतो. म्हणजे मोकळा सोडला तर सहा घनमीटर ऑक्सिजन. चार मीटर लांब, तीन रुंद आणि अडीच उंच अशा खोलीत तीस घनमीटर हवा मावते. त्या खोलीत हा एक बाटला रात्रभर गळत राहिला आणि जुनी हवा फटींतून बाहेर ढकलली जात राहिली असं धरलं, तरी ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांच्या आसपास जातं. धोक्याची रेषा २३ टक्क्यांपासूनच सुरू होते. त्यापुढे एरवी नुसता धुमसणारा बॉयलरसूट भडकतो, केस पेटतात. ऑक्सिजनला वास नाही, रंग नाही आणि श्वास घ्यायला उलट बरंच वाटतं. कपड्यांत तो मुरून राहतो, म्हणून अशा जागेतून आलेल्या माणसाने उघड्या डेकवर वारं खाल्ल्याशिवाय आगपेटीजवळ जायचं नाही. म्हणूनच जेवणाची सुट्टी झाली की कटिंगची नळी बंदिस्त जागेतून बाहेर ओढून घ्यायची आणि बाटला मुळाशी बंद करायचा. नुसता टॉर्चचा नॉब फिरवून निघून जायचं नाही.

ऑक्सिजनचं दुसरं वैर तेलाशी. इंजिन रूममध्ये तेलाचा हात कुणाचा नसतो? गुहागरकडचे एक फिटर आमच्या जहाजावर होते. कॅडेट बाटल्याजवळ गेला की ते आधी म्हणायचे, “हात बघू.” हात साबणाने धुऊन कोरडे झाल्याशिवाय ते रेग्युलेटरला शिवू देत नसत. मग स्वतः रेग्युलेटरच्या बाजूला उभे राहायचे, समोर कधीच नाही, आणि चावी इतकी सावकाश फिरवायचे की काटा चढताना दिसायचा. यात कौतुकापेक्षा विज्ञान जास्त आहे. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की १५० बारचा वायू रेग्युलेटरच्या चिंचोळ्या जागेत आदळतो, दाबला जाऊन क्षणात तापतो, आणि तिथे ग्रीसचा ठिपका किंवा रबराचा तुकडा असेल तर तो पेटतो. एकदा पेटलं की त्या ऑक्सिजनमध्ये धातूही जळतो. जोड गळत असेल तर तेल लावून बसवायचा नाही. ऑक्सिजनला चालणारं साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, एवढंच.

आता त्याचा जोडीदार. वर्कशॉपमध्ये ज्याला ‘डीए’ म्हणतात तो ॲसिटिलीनचा बाटला. हा वायू फार तऱ्हेवाईक. हवेत अडीच टक्के असला तरी पेटतो, ऐंशी टक्के असला तरी पेटतो. मोकळा ॲसिटिलीन दीड बारच्या वर दाबला तर धक्क्याने किंवा उष्णतेने तो हवेशिवायही विघटित होऊन फुटू शकतो. मग बाटल्यात तो पंधरा-सोळा बारवर कसा राहतो? तर तो बाटला आतून पोकळ नसतो. त्यात सच्छिद्र पदार्थ ठासलेला असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेलं असतं आणि ॲसिटिलीन त्या ॲसिटोनमध्ये विरघळून राहतो, सोड्याच्या बाटलीत गॅस राहतो तसा.

हा सच्छिद्र पदार्थ भरवशाचा करण्याचं बरंच श्रेय स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांचं, आणि त्यांनी ते केलं तेही समुद्रासाठीच. निर्मनुष्य खडकांवरचे दीपस्तंभ आणि बोया महिनोन्महिने पेटत्या ठेवायच्या तर सुरक्षित साठवलेला ॲसिटिलीन हवा होता. दालेन यांनी धक्के सोसणारा भराव शोधला, थोड्या वायूत उघडझाप करणारा दिवा केला आणि दिवस उजाडला की आपोआप वायू बंद करणारा सौर व्हॉल्व्हही केला. १९१२ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. त्याच वर्षी सप्टेंबरात बाटल्यांच्या सुरक्षेची चाचणी घेताना स्फोट झाला आणि त्यांचे डोळे गेले. पारितोषिक घ्यायला त्यांचा भाऊ गेला, जो स्वतः डोळ्यांचा डॉक्टर होता. दालेन यांनी आंधळेपणातही १९३७ साली मृत्यू येईपर्यंत आपली कंपनी चालवली. आपल्या किनाऱ्यावरचेही कित्येक दिवे एके काळी या विरघळवलेल्या ॲसिटिलीनवर उघडझाप करत असत. डीएचा बाटला हाताळताना मला या माणसाची आठवण होते आणि तो बाटला आडवा टाकलेला पाहिला की राग येतो.

कारण आडव्या बाटल्यातून वायूबरोबर ॲसिटोनही येतं. आडवा आलेला बाटला उभा करून काही तास तसाच ठेवायचा, मग वापरायचा. फार भराभर वायू ओढला तरी ॲसिटोन येतं. नळीतला दाब दीड बारच्या पुढे न्यायचा नाही. ॲसिटिलीनच्या वाटेत तांब्याची नळी कधीही जोडायची नाही. तांब्याशी त्याचं जे संयुग होतं ते नुसत्या धक्क्याने फुटतं. ज्योत उलटी फिरून नळीत शिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना फ्लॅशबॅक अरेस्टर लागतोच. आणि बाटला अंगाला आपोआप गरम लागू लागला, तर त्याच्या पोटात विघटन सुरू झालेलं असू शकतं. अशा वेळी त्याला हलवायचं नाही. आडोशाला राहून, लांबून, पुष्कळ वेळ पाण्याचा मारा करत राहायचं.

या दोघांची घरं वेगवेगळी. उघड्या डेकवर, इंजिनच्या उष्णतेपासून आणि केबिनपासून दूर, वर-खाली हवा खेळणारी आणि दार थेट डेकवर उघडणारी. तिथून पक्क्या पाइपने वायू वर्कशॉपपर्यंत येतो. जहाज तीस अंश कलंडलं तरी बाटला जागचा हलता कामा नये, म्हणून वर आणि खाली अशा दोन पकडी लागतात. काथ्याची दोरी बांधून भागवलेलं मी पाहिलं आहे. त्या जहाजावर मी फिटरबरोबर पहिल्याच दिवशी पकडी बसवून घेतल्या.

बाटले बोटीवर येतात तेव्हाच निम्मी काळजी घ्यायची असते. क्रेनला पिंजऱ्यातून चढवायचे. टोपीला दोरी बांधून किंवा चुंबकाला चिकटवून कधीही नाही. मानेवर ठोकलेली चाचणीची तारीख वाचायची. भारतात हा कारभार ‘गॅस सिलिंडर नियम, २०१६’ नुसार चालतो आणि तो पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. रंगावर मात्र विसंबायचं नाही. मुंबईत ऑक्सिजनचा बाटला काळ्या अंगाचा मिळतो, युरोपात पांढऱ्या खांद्यावरून ओळखतात, अमेरिकेत तो बहुधा हिरवा असतो. तीन बंदरं फिरलेल्या जहाजावर तिन्ही एका रांगेत उभे असतात. म्हणून आधी लेबल वाचायचं. रिकाम्या बाटल्यांचाही व्हॉल्व्ह बंद, टोपी घट्ट आणि जागा वेगळी.

पण जहाजावरचा सगळ्यात मोठा साठा वेल्डिंगचा नसतो. तो असतो आग विझवण्याच्या कार्बन डायऑक्साइडचा. एकेका बाटल्यात ४५ किलो द्रव, म्हणजे मोकळा झाल्यावर पंचवीस घनमीटर. नियम सांगतो की यंत्रांच्या जागेच्या आकारमानाच्या निदान ३५ टक्के वायू हवा आणि त्यातला ८५ टक्के दोन मिनिटांत सुटायला हवा. दहा हजार घनमीटरच्या इंजिन रूमला असे १४० बाटले लागतात. ३१ अंशांच्या वर हा द्रव द्रव म्हणून राहतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो, म्हणून आखातातल्या उन्हाळ्यात या खोलीची हवा खेळती ठेवण्याला फार महत्त्व.

मघाची तीस घनमीटरची खोली घ्या. तिथे वायू दहा टक्क्यांवर जायला एका बाटल्याचा आठवा भाग पुरतो, आणि दहा टक्क्यांत माणसाची शुद्ध काही मिनिटांत हरपू शकते. ७ मार्च २०१४ रोजी मुंबईत माझगाव डॉकमध्ये, बांधणीच्या शेवटच्या टप्प्यातल्या विनाशिकेवर चाचण्या चालू असताना याच यंत्रणेतला वायू गळला आणि नौदलाचे एक कमांडर दगावले. ती नौका त्याच ऑगस्टमध्ये ‘आयएनएस कोलकाता’ म्हणून नौदलात दाखल झाली. २५ मे २०१९ रोजी चीनच्या शानदोंग प्रांतात दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या एका मालवाहू जहाजावर कार्बन डायऑक्साइड सुटून दहा जण गेले आणि एकोणीस जखमी झाले.

अशा वेळी घात करते ती माणुसकी. आत सहकारी पडलेला दिसतो, दुसरा धावतो, तोही पडतो. पाठीवर हवेचा बाटला घेतल्याशिवाय शिरायचं नाही, हे सरावात शंभरदा म्हणवून घ्यावं लागतं. त्या बाटल्यातही निदान १२०० लिटर हवा असते, शांत माणसाला अर्ध्या तासाची. घाबरलेल्याला त्याहून कमी. वायू सोडण्याआधी भोंगा किमान वीस सेकंद वाजतो, पण वीस सेकंदांत इंजिन रूमच्या तळातून वर येता येत नाही. म्हणून कॅप्टन आज्ञा देण्यापूर्वी डोकी मोजली जातात. दुरुस्तीच्या दिवसांत ही मोजणी खलाशांच्या यादीवर करून भागत नाही. गँगवेवर वही ठेवायची, किनाऱ्यावरून आलेल्या प्रत्येक वेल्डरचं, हेल्परचं नाव चढताना आणि उतरताना लिहायचं, आणि तो भोंगा कसा वाजतो ते त्याला कामाला लागण्याआधी, त्याला कळेल त्या भाषेत, एकदा वाजवून ऐकवायचं.