मानसशास्त्राचं जर्नल: आकडे मनाने भरू नका!

सबमिशन जवळ आलं की सीनियरचं जर्नल आणायचं, दोन-चार आकडे बदलायचे आणि उतरवून काढायचं. हा शॉर्टकट महागात पडू शकतो. तोंडी परीक्षेत ‘चाचणी देताना समोरचा माणूस कसा वागला?’ एवढं विचारलं तरी बिंग फुटतं.

गावात चाचणीला माणूस मिळत नाही, अशी तक्रार असते. पण स्मरणाच्या साध्या प्रयोगाला शेजारचे काकाही चालतात. आधी संमती घ्या, जर्नलमध्ये नाव लिहू नका, आद्याक्षरं पुरेत. निकाल गृहीतकाच्या उलट आला? तसाच लिहा. आवाज होता, माणूस दमला होता, ही कारणं चर्चेत मांडा. उलटा निकाल म्हणजे चूक नव्हे.

एम.ए.च्या प्रबंधाला यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. मजकुरातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के साम्य असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. म्हणून दुसऱ्याचं वाक्य घेतलं, तर तिथंच लेखकाचं नाव आणि वर्ष टाका.

उद्या याच विद्येच्या जोरावर तुम्ही कुणाचं दुखणं ऐकणार आहात. तेव्हा आजची नोंद खरी ठेवा.