दुसऱ्या पसंतीचा हक्क

इंदापूर विधानसभा मतदारसंघाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल तीन आकड्यांत मावतो. दत्तात्रय भरणे १,१७,२३६. हर्षवर्धन पाटील ९७,८२६. अपक्ष प्रवीण माने ३७,९१७. भरणे १९,४१० मतांनी निवडून आले आणि आजच्या कायद्यानुसार ते रीतसर आमदार झाले. त्याबद्दल वाद नाही. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या मतांची बेरीज केली, तर ती १,३५,७४३ भरते. म्हणजे विजयी उमेदवारापेक्षा साडेअठरा हजार मते या दोघांकडेच जास्त होती.

शेजारच्या बारामतीत असा प्रश्न उद्भवला नाही. तिथे अजित पवारांना १,८१,१३२ आणि युगेंद्र पवारांना ८०,२३३ मते पडली. बारामतीचा निकाल कोणत्याही पद्धतीने मोजला असता तरी तोच लागला असता. मात्र त्याच्या सहाच महिने आधी, लोकसभेला, याच बारामती विधानसभा क्षेत्राने सुप्रिया सुळे यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी दिली होती. दिल्लीला कोणाला धाडायचे आणि मुंबईला कोणाला, याचा वेगवेगळा विचार करणारा हा मतदार आहे. त्याच्या मनात एकाहून अधिक पसंती असतात. यंत्रावर मात्र त्याला एकच बटण दाबता येते.

मी राज्यशास्त्र कोणत्या महाविद्यालयात शिकलेलो नाही. निकालपत्रके आणि निवडणुकीचे कायदे वाचत गेलो, अडले तिथे जाणत्यांना विचारत गेलो. या वाचनात एक गोष्ट ध्यानात आली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याला एकच मत देणारी व्यवस्था आपल्या आमदाराला मात्र पसंतीक्रम देते.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आमदार मतदार असतो. महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. ते कसे आले? १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला २८८ आमदारांनी आणि मग एक हजाराने भागले की १७५ येतात. आमदार लाखाच्या फरकाने आलेला असो की दहा-वीस हजारांच्या, मूल्य तेच. हे मूल्य लोकसंख्येवरून ठरते, म्हणजे आमदार तिथे आपल्या नावाने मत देतो असे मानलेले आहे. पण ते मतदान गुप्त असते आणि पक्षादेशही तिथे लागू होत नाही. आपल्या नावावर उभे राहिलेले १७५ मूल्य कोणाच्या पारड्यात पडले, हे आपल्याला कधीच कळत नाही.

या मतपत्रिकेवर आमदार शिक्का मारत नाही. तो उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितो. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला तर त्याचे मत वाया जात नाही, ते दुसऱ्या पसंतीकडे जाते. राज्यसभेचे आणि विधान परिषदेचे सदस्यही तो पसंतीक्रमानेच निवडतो.

ही दुसरी पसंती केवळ कागदावरची नाही. १९६९ साली झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर राष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली. वराहगिरी वेंकट गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि आपले चिंतामणराव देशमुख हे तीन प्रमुख उमेदवार होते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडणारे तेच हे चिंतामणराव. विजयासाठी ४,१८,१६९ मतमूल्य हवे होते. पहिल्या मोजणीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८ आणि देशमुख १,१२,७६९ वर थांबले. कोणालाच बहुमत नव्हते. खालचे उमेदवार बाद होत गेले, शेवटी चिंतामणरावही बाद झाले, आणि त्यांच्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंती मोजल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक रेड्डींकडे गेल्या, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचून विजयी झाले. रेड्डींचा आकडा ४,०५,४२७ झाला. चिंतामणराव हरले, पण त्यांना मत देणाऱ्यांना अखेरच्या निर्णयात वाटा मिळाला.

आता पुन्हा इंदापूरकडे वळू. तिथल्या ३७,९१७ मतदारांना उरलेल्या दोघांपैकी कोण अधिक चालला असता? हे त्यांना कोणी विचारलेच नाही. पहिल्या दोघांतला फरक होता १९,४१०, म्हणजे या मतदारांच्या जवळपास निम्मा. पसंतीक्रम असता तर निकाल बदलला असता असे माझे म्हणणे नाही. १९६९ सालीही पहिला तोच पहिला राहिला. इंदापूरच्या निवडणुकीच्या दोनच महिने आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, श्रीलंकेत अध्यक्षपदासाठी प्रथमच दुसऱ्या पसंतीची मोजणी करावी लागली. तिथेही आघाडीवरचे अनुरा कुमार दिसानायकेच विजयी झाले.

मग फरक काय पडतो? फरक निकालाच्या आधी पडतो, प्रचारात. नीरा डाव्या कालव्याच्या टेलची गावे आणि उजनीच्या फुगवट्याकाठची गावे यांची दुखणी वेगळी, पण इंदापुरात दोघांना आमदार एकच. आजच्या पद्धतीत उमेदवार आपली गावे पक्की करतो आणि विरोधी मते फुटावीत म्हणून देव पाण्यात घालतो. पसंतीक्रमात विरोधकाच्या गावातही त्याला हात जोडून जावे लागते. ‘पहिले मत तुमच्या माणसाला द्या, दुसरे तरी मला द्या,’ असे म्हणावे लागते. असा निवडून आलेला माणूस निम्म्याहून अधिक लोकांच्या होकाराने सभागृहात बसतो. ज्यांची दुसरी पसंती घेऊन तो आला, त्यांनाही त्याला तोंड दाखवावे लागते.

आक्षेप ठाऊक आहेत. मोजणीला वेळ लागेल, सध्याची यंत्रे चालणार नाहीत, आकडे लिहिणे सर्वांना जमणार नाही. पहिले दोन आक्षेप सोयीचे आहेत आणि सोय करता येते. ऑस्ट्रेलियात लोकप्रतिनिधी सभागृहासाठी १९१८ पासून पसंतीक्रम चालतो. तिसरा आक्षेप मला टोचतो. कारण बारामती आणि इंदापूरमध्ये पसंतीक्रमाची मतपत्रिका आधीच पोहोचलेली आहे. पुणे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत इथले मतदार आकडे लिहूनच मत देतात. म्हणजे पदवी असलेल्याला दुसरी पसंती आहे आणि उसाला पाणी देणाऱ्या त्याच्या भावाला एक बटण. बाजारात पै-पैचा हिशेब करणाऱ्या माणसाला एक-दोन-तीन लिहिता येणार नाही, हे कोणी ठरवले?

आता हे करायचे कोणी? विधानसभेची मतदान पद्धत १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने आणि १९६१ च्या निवडणूक नियमांनी बांधलेली आहे. तिथे बदल संसदेला करावा लागेल, तो मुंबईत होणार नाही. पण सरपंच कसा निवडायचा हे राज्यघटनेने राज्याच्या कायद्यावर सोपवले आहे. आपल्या राज्याने तो अधिकार मोकळ्या हाताने वापरलाही आहे. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचे ठरले. २०२० मध्ये ते पुन्हा सदस्यांतून निवडायचे ठरले. २०२२ मध्ये परत थेट जनतेतून. सरकार बदलले की पद्धत बदलली. सरपंच कोणी निवडायचा यावर इतके बदल झाले. लोकांनी निवडायचा असेल तर त्यांचे पूर्ण मत कसे घ्यायचे, हा विषय मात्र पुढे आला नाही.

सुरुवात इथूनच करावी. सरपंचाच्या निवडणुकीत चार भावक्यांचे चार उमेदवार उभे राहतात आणि तिसरा हिस्सा मते घेणारा गावचा कारभारी होतो. पुढे पाच वर्षे उरलेले गाव त्याच्याशी आणि तो गावाशी फटकून वागतो. अशा काही गावांत मतपत्रिकेवर दुसऱ्या पसंतीचा रकाना देऊन पाहावा. तो भरणे ऐच्छिक ठेवावे. ज्याला एकच नाव द्यायचे आहे त्याने एकच द्यावे. मोजणी गावासमोर व्हावी.

आमदारांना राष्ट्रपती निवडताना जो हक्क मिळतो, तो गावाला सरपंच निवडताना द्यायला हरकत नसावी. पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला एवढे तरी विचारावे: तुम्हाला दुसरी पसंती आहे, मग आम्हाला का नाही?