आपले घर आणि गावाचा नियम

"घर माझे, भिंत माझी, अंगण माझे, ते मी नीट ठेवीन अथवा पडू देईन, गावास त्याची उठाठेव कशाला?" असा प्रश्न खर्ड्यासारख्या बाजारपेठेच्या गावात वारंवार ऐकू येतो, आणि तो विचारणारा गृहस्थ आपण मोठाच बिनतोड मुद्दा मांडला अशा समाधानाने आपल्या ओट्यावर जाऊन बसतो. या प्रश्नास उत्तर नाही असे मुळीच नाही. ते उत्तर देण्याची तसदी आजवर कोणी फारशी घेतली नाही, इतकेच. मालकीचा हक्क आम्हांस मान्य आहे. किंबहुना तो राखावा म्हणूनच आजचा हा लेख आहे. परंतु ज्या मालमत्तेची निगा तिचा मालक करीत नाही आणि जिच्याविषयी गाव बोलत नाही, ती फार काळ कोणाचीच राहत नाही, हे सत्य शिकण्यासाठी खर्डेकरांस गावाबाहेर जाण्याचीही गरज नाही.

निंबाळकर सरदारांनी अठराव्या शतकाच्या मध्यास बांधलेला भुईकोट आजही गावाशेजारी उभा आहे. याच गावात त्या घराण्याचा टोलेजंग वाडा होता. त्या वाड्याच्या पडझडीची नोंद एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारच्या गॅझेटियरकारांनी केली. ज्यांच्यापाशी फौजफाटा होता, ज्यांच्या शब्दास निजामाच्या दरबारात वजन होते, त्यांचीही वास्तू निगराणीवाचून ढासळली. मग तुमच्याआमच्या चार खणांच्या घराची कथा काय!

आता आपल्या भागातल्या घरांकडे पाहू. जामखेड-कर्जतकडील जुनी घरे बहुधा माळवदाची. भिंती पांढरीच्या मातीच्या, वर लाकडी तुळया, त्यांवर किलचे आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊबदार असे हे घर या कमी पावसाच्या मुलखास फार सोयीचे; परंतु त्याची एक अट आहे. दरवर्षी मृगापूर्वी माळवदावर चढून भेगा बुजविल्या पाहिजेत, वर उगवलेले गवत उपटले पाहिजे, नवी माती पसरून चोपली पाहिजे आणि पन्हळी मोकळ्या केल्या पाहिजेत. ही अट दोन पावसाळे चुकली की पाणी तुळईत उतरते, तुळई कुजते आणि तिसऱ्या पावसाळ्यात छप्पर भिंतीस घेऊन खाली येते. ती भिंत कोसळताना मालकीहक्काची हद्द पाहत नाही. ती शेजाऱ्याच्या पडवीवर पडते, बोळातून शाळेस जाणाऱ्या मुलावर पडते.

अशी घरे पडतात का? आळसाने पडतात असे म्हणणे सोपे आहे; पण ते पुरते खरे नाही. आजा वारला, त्याचे चार मुलगे विभक्त झाले, नातवंडे पुण्यामुंबईस गेली. कागदावर नाव आज्याचेच राहिले. हिस्सेदार सोळा, आणि माती टाकण्यास एकही नाही. दुरुस्ती एकाने करावी तर बाकीचे पंधरा म्हणतात, याने कबजा मिळविण्याची युक्ती काढली! वकिलीच्या धंद्यात अशी प्रकरणे आम्ही नित्य पाहतो. दावा चालू असतो आणि दाव्याची मिळकत तेवढ्या अवधीत मातीस मिळते. निकाल लागतो त्या दिवशी वाटून घेण्यास दगडांखेरीज काही उरलेले नसते.

दुसरी गोष्ट बंद घरांची. या दुष्काळी टापूतून शेकडो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. पाच-सहा महिने दाराला कुलूप. आत असते काय? दोन हंडे, धान्याची एखादी कणगी, लेकीच्या लग्नासाठी जपलेले चार दागिने. व्यापाऱ्याच्या दुकानास लोखंडी शटर आहे, दिवा आहे, आता चित्र टिपणारा कॅमेराही आला आहे. मजुराच्या घरास राखण कोणाची? शेजाऱ्याची, आणि शेजारी तर त्याच मुकादमाच्या त्याच गाडीत बसून गेलेला! म्हणजे ज्याच्यापाशी गमावण्यास थोडेच आहे, त्याचेच सर्वांत अधिक उघड्यावर. खाजगी मालमत्तेच्या रक्षणाचा प्रश्न हा श्रीमंतांचा प्रश्न आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी दिवाळीनंतर एकदा गावाच्या कडेच्या वस्तीतून फेरी मारून यावे.

पूर्वी गावे ही राखण कशी करीत? एल्फिन्स्टनने 1819 साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन आहे. गावचा राखणदार रात्री गस्त घाली. चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढी. माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन दिला म्हणजे आपले गाव मोकळे आणि पुढची जोखीम त्या गावची. माग आपल्याच हद्दीत हरवला तर भरपाईचा प्रश्न आपल्याच गावावर येई. या व्यवस्थेचे तत्त्व मोठे मार्मिक होते: एका घराची चोरी ही साऱ्या गावाची जबाबदारी. परंतु तिचा भार मात्र गावाने महार, रामोशी, भिल्ल या जातींच्या माथी मारला आणि मोबदल्यात त्यांस वेशीबाहेर ठेवले. जो गावाच्या मालमत्तेचा रक्षक, त्यास स्वतःला मालमत्ता नाही! डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते हीच वेठ मोडण्यासाठी. पुढे 1958 च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने गेली, आणि गेली हे उत्तमच झाले. परंतु वतनाबरोबर सामायिक जबाबदारीचे तत्त्वही आपण फेकून दिले, ही चूक झाली. तत्त्व ठेवावयाचे होते आणि भार सर्वांनी वाटून घ्यावयाचा होता.

आपल्याच जिल्ह्यातील शनिशिंगणापूरचा दाखला येथे कोणी देईल. तेथे घरांस दारे-कुलपे नाहीत ही ख्याती दूरवर आहे. 2011 साली तेथे एका बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली, तेव्हा देशभर कौतुक झाले. कोणाच्या श्रद्धेस धक्का लावण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्याच गावी 2015 साली पोलीस ठाणेही उघडावे लागले, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. नुसत्या कुलपाने घर राखले जात नाही आणि नुसत्या भीतीनेही नाही. शेजाऱ्याचे लक्ष आणि गावाचा नियम यांनी ते राखले जाते.

नियम करण्याचा अधिकार गावास आहे काय? निःसंशय आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात पंचायतीच्या कामांची जी यादी जोडली आहे, तीत गावाची स्वच्छता आहे, आग लागल्यास जीवित व मालमत्ता यांचे रक्षण आहे, आणि गावाची व पिकांची राखणही आहे. मोकाट गुरांसाठी 1871 चा कायदा व त्यातील कोंडवाडा अद्याप जिवंत आहे. धोकादायक इमारतीविषयी तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यास स्पष्ट अधिकार आहे. कोसळू पाहणारी भिंत पाडावी वा तीस आधार द्यावा, वाटेलगतच्या विहिरीस वा खड्ड्यास कुंपण घालावे, असा हुकूम त्यास देता येतो. ही तरतूद 1898 च्या फौजदारी संहितेत होती, 1973 च्या संहितेत 133 व्या कलमात होती, आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती 152 व्या कलमात आहे. त्यात मालकास म्हणणे मांडण्याची संधीही ठेविली आहे. कायद्याची अशी तीन पुस्तके झाली, तरी पडक्या घराशेजारी राहणाऱ्या किती जणांनी कधी तहशील कचेरीत एक अर्ज दिला?

"पंचायतीपाशी पैसा नाही" ही सबब तर मुळीच चालावयाची नाही. माळव्यातील रतलामच्या नागरिकांनी उघड्या गटारांविरुद्ध याच 133 व्या कलमाखाली दाद मागितली, तेव्हा तेथील नगरपालिकेने हीच सबब पुढे केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली ती फेटाळली. कर्तव्य कायद्याने नेमून दिले असता तिजोरी रिकामी असल्याचे कारण सांगून ते टाळता येत नाही, हा त्या निर्णयाचा इत्यर्थ होय. अर्थात जो व्यापारी घरपट्टी थकवितो आणि वर पंचायत काही करीत नाही म्हणून ओरडतो, त्यानेही हा निर्णय आपल्या बाजूचा आहे असे समजू नये.

सर्वांत दुःखाची गोष्ट उघड्या बोअरची. पाणी लागले नाही म्हणून सोडून दिलेले भोक बुजविण्यास चार पाट्या माती आणि एक फरशी पुरते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली याविषयी देशभर लागू होणारे निर्देश दिले: खोदण्यापूर्वी खबर द्यावी, भोवती कुंपण व फलक असावा, तोंड झाकावे, निकामी बोअर तळापासून बुजवावा. इतके असूनही 2023 च्या मार्चमध्ये शेजारच्या कर्जत तालुक्यात ऊसतोड कुटुंबातील एक बालक उघड्या बोअरमध्ये पडून प्राणास मुकले. शेत कोणाचेही असो. आपल्या जमिनीतील मृत्यूचा सापळा उघडा ठेवण्याचा हक्क मालकीत येत नाही.

मग खर्ड्याच्या ग्रामसभेने करावे काय? आमच्या मते थोडेच नियम करावेत, पण ते पाळावेत. दरवर्षी वैशाखात पडाऊ घरांची पाहणी करून यादी ग्रामसभेत वाचावी आणि हिस्सेदारांस लेखी कळवावे. दुरुस्तीचा खर्च जो करील, त्यास त्यामुळे नवा हक्क मिळत नाही आणि इतरांचा हक्क बुडत नाही, असा साधा लेख पंचांसमक्ष करून ठेवावा. म्हणजे निम्मी भांडणे मिटतील. कडब्याच्या गंजी आणि उकिरडे वस्तीपासून दूर न्यावेत. मोरीचे पाणी रस्त्यावर न सोडता शोषखड्ड्यात जिरवावे. प्रत्येक उघड्या विहिरीस कठडा आणि प्रत्येक निकामी बोअरवर झाकण, हे मालकाने एका महिन्यात करावे. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांनी जाताना पोलीस पाटलाकडे नोंद करावी, आणि तरुण मंडळांनी सर्व जातींच्या पोरांची पाळी लावून त्या वस्तीत गस्त घालावी. गणपतीच्या दहा दिवसांत रात्रभर जागणाऱ्यांस हे अवघड नाही.

याबरोबरच हद्दीचा प्रश्न. गावठाणातील घरांच्या मालकीस आजवर बहुतेक ठिकाणी पंचायतीचा आठ नंबरचा उतारा एवढाच आधार होता, आणि तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथून सुरू झालेली ड्रोनची गावठाण मोजणी आणि 2020 ची स्वामित्व योजना यांमुळे मिळकत पत्रिका मिळण्याची सोय झाली आहे. ती पत्रिका हाती येताच तीवर सर्व वारसांची नावे आहेत की नाहीत, विशेषतः बहिणींची आहेत की नाहीत, हे पाहावे. बहिणींस वगळून केलेली वाटणी पुढच्या दाव्याचे बीज असते.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. नियम करण्याचा अधिकार म्हणजे दांडगाईचा परवाना नव्हे. घटनेच्या 300-अ कलमान्वये कायद्याच्या आधारावाचून कोणाचीही मालमत्ता हिरावता येत नाही. आणि नोटीस न देता घर पाडण्याच्या प्रघातावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये कडक ताशेरे ओढून पंधरा दिवसांची पूर्वसूचना आवश्यक ठरविली आहे. आमच्या गावांची रीत कशी आहे? गरिबाची झोपडी पुढे आली की ते अतिक्रमण, आणि पेढीचा ओटा दोन हात रस्त्यात आला की ती जुनी वहिवाट! ज्या दिवशी पंचायत पहिली नोटीस बाजारपेठेतील सर्वांत मोठ्या ओट्यास लावील, त्या दिवशी बाकीचे गाव तो नियम आपण होऊन पाळील. व्यापारीवर्गास आमची विनंती आहे की, त्यांनी हा मान दुसऱ्यास जाऊ देऊ नये.

हे सर्व कागदावरचे आहे, खेड्यात चालत नाही, असे कोणी म्हणेल त्याने याच जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहावे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे नियम ग्रामस्थांनी 1990 च्या सुमारास स्वतःवर घालून घेतले, आणि रोजगारासाठी बाहेर गेलेली माणसे पुढे गावी परतली. माझ्या शेतात पाणी हवे असेल तर माझी गाय शेजाऱ्याच्या डोंगरावर मोकाट सुटता कामा नये, हे त्यांस उमगले. आपल्या मालकीस गावाने घातलेले कुंपण ही मालकीवरची गदा नसून तिचे संरक्षण आहे.

खर्ड्याचे नाव इतिहासात 1795 च्या मार्च महिन्यामुळे आहे. निजामअलीने याच भुईकोटाचा आश्रय केला. भिंती भक्कम होत्या, पण चोहोबाजूंनी वेढा पडल्यावर त्या भिंतींचा उपयोग झाला नाही आणि त्यास तह करावा लागला. बाहेर मराठे सरदार आपले हेवेदावे बाजूस सारून एकत्र उभे होते; ती एकी वर्षभरही टिकली नाही, आणि पुढे काय झाले हे सर्वांस ठाऊक आहे. मृग तोंडावर येण्यापूर्वी ग्रामसभा बोलवावी, आणि पडाऊ घरांच्या यादीत पहिले नाव स्वतःच्या वाड्याचे घालण्यास एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाने पुढे यावे. तेवढे झाले तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.