बिनतारी जाळे आणि आगंतुक पाहुणे



मी इंजिनियर नव्हे. कामगार संघटनेच्या कचेरीतील यंत्रे अडली की कोणी तरी ती उघडून पाहावी लागतात, आणि तो कोणी तरी बहुधा मीच असतो. एवढीच या विषयातील माझी पदवी.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे एक ई-मेल गेला होता. त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईतील एका सदनिकेत येऊन पोहोचले. तेथील रहिवाशाने तो लिहिला नव्हता. त्याच्या घरच्या वायफायमध्ये शिरून दुसऱ्याच कोणी तो धाडला होता. पण चौकशीचा ससेमिरा लागला तो घरमालकामागे. त्याच वर्षी पुढे माटुंग्याचे एक महाविद्यालय आणि चेंबूरची एक कचेरी यांच्या वायफायवरूनही असेच ई-मेल गेले.

याचे कारण साधे आहे. घरात दहा फोन असले तरी बाहेरच्या जगाला बहुधा राउटरचा एकच पत्ता दिसतो. जिन्यात बसलेल्या परक्याने केलेली करणीही त्याच पत्त्यावर नोंदली जाते. आणि बिनतारी लहरींना भिंत काही पूर्णपणे अडवीत नाही.

मग लोक उपाय करतात. कोणी जाळ्याचे नाव लपवतो. पण आपला फोन जोडला जाताना ते नाव हवेत उच्चारले जातेच, आणि ऐकणारा ऐकतो. कोणी आपल्या यंत्रांच्या क्रमांकांची यादी करून तेवढ्यांनाच प्रवेश देतो. गिरणीच्या दरवाजावर बिल्ल्याचा आकडा पाहून माणूस आत सोडावा आणि प्रत्येक कामगाराने तो आकडा रस्ताभर ओरडत यावे, तसा हा प्रकार आहे. कारण हे क्रमांक उघडेच जातात व त्यांची नक्कल होते. या दोन्ही उपायांवर वेळ दवडू नये, असे माझे मत आहे.

खरे कुलूप परवलीच्या शब्दाचे. आपल्याकडे तेथे स्वतःचा मोबाईल क्रमांक घालण्याची फार मोठी चाल आहे. त्याचा हिशेब पाहा. आज बहुतेक घरांत असलेल्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत फोन आणि राउटर यांच्यात ओळख पटताना जी देवाणघेवाण होते, ती हवेतून टिपून घरी नेता येते. तीत शब्द उघडा नसतो; पण एकामागून एक शब्द लावून पाहता येतात, आणि राउटरला त्याची वार्ताही लागत नाही. आपले मोबाईल क्रमांक दहा आकडी, पहिला आकडा ६ ते ९. म्हणजे सारे मिळून ४०० कोटी. चांगल्या चित्रकार्डाचा एक संगणक सेकंदाला दहा लाख शब्द सहज तपासतो. ४,००० सेकंदांत सगळे संपले. सव्वा तासही लागला नाही!

उलट, पाच हजार साध्या शब्दांच्या चिठ्ठ्या करून डोळे मिटून पाच उचला, प्रत्येक वेळी चिठ्ठी परत टाका, आणि ते रोमन अक्षरांत सलग लिहा. त्याच संगणकाला सगळे जोड तपासायला जवळजवळ एक लाख वर्षे लागतील. शब्द मात्र चिठ्ठीनेच निवडावेत. मुलांची नावे आणि कुलदैवत चोरालाही सुचते. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए-३ पद्धतीत घरी नेऊन तपासण्याची सोयच उरत नाही. राउटरमध्ये ती असेल तर तीच निवडा. डब्ल्यूईपी मात्र २००१ पासून फुटलेले आहे.

आणखी एक चोरवाट म्हणजे डब्ल्यूपीएस. यात आठ आकड्यांचा एक गुप्तांक असतो. वाटते, दहा कोटी शक्यता. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर पहिले चार बरोबर की चूक हे वेगळे सांगून टाकतो. म्हणून दहा हजार अधिक एक हजार, एवढेच प्रयत्न पुरतात. हे २०११ मध्ये उघडकीस आले; तरी ही सोय जुन्या पेट्यांत अजून चालू सापडते. ती बंद करा. तेथेच राउटरच्या आतल्या पानाचा, कारखान्यातून आलेला परवलीचा शब्दही बदला.

शेजारच्या मुलीची परीक्षा असली तर तिला जाळे जरूर वापरू द्यावे. बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठी निराळे जाळे काढता येते. त्यातून आपले संगणक सहसा दिसत नाहीत. मात्र बाहेर पत्ता आपलाच जातो, म्हणून ओळखीच्यालाच द्यावे.

आमच्या कचेरीत परवलीचा शब्द कित्येक वर्षे फळ्यावर लिहिलेला असे. एकदा मी राउटरमधील जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. कचेरीत माणसे पाच, यादीत यंत्रे सतरा! संघटना सोडून दुसऱ्या झेंड्याखाली गेलेल्या दोघांचे फोन त्यांत नावानिशी होते. शब्द बदलला. दुसऱ्या दिवशी यादीत सात उरले, आणि खालच्या मजल्यावरचा शिंपी वर येऊन विचारू लागला, "साहेब, आज वायफाय बंद आहे का हो?" त्याला पाहुण्यांचा शब्द लिहून दिला.